हौसेचे मोल आणि टबाचा भाव

‘हौसेला मोल नसते’ असे आपण म्हणतो. विक्रेत्यालाही ते ठाऊक असते. निवृत्तीनंतर दुखऱ्या गुडघ्यांना शेक मिळावा म्हणून गच्चीवर गरम पाण्याचा टब बसवू इच्छिणाऱ्याने त्यामुळेच आधी हिशेब मांडावा.

पहिला हिशेब वजनाचा. 1200 लिटर पाणी म्हणजे 1200 किलो. टब आणि माणसे वेगळीच. स्थापत्य अभियंत्याने नकार दिल्यास भाव करण्याचे कारणच उरत नाही. दुसरा विजेचा. हे पाणी 25 अंशांवरून 40 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे 21 युनिट लागतात. म्हणून घट्ट, उष्णतारोधक झाकणात काटकसर करू नये.

मग तीन विक्रेत्यांकडून लेखी दरपत्रके घ्यावीत. वाहतूक, क्रेन, स्वतंत्र वीजजोडणी, झाकण आणि वस्तू व सेवा कर धरून येणारा एकूण आकडाच तुलनेस योग्य. किंमत उतरत नसेल, तर पंप व हीटरची वाढीव हमी पदरात पाडून घ्यावी.

‘शून्य टक्के’ हप्त्यांची योजना पुढे आल्यास एकरकमी भाव अवश्य विचारावा. 4 लाखांच्या टबावर एकरकमी 24 हजारांची सूट मिळते आणि हप्त्यांत ती बुडते, तर तेच व्याज होय. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्ये बँकांना अशा योजनांबाबत खडसावले होते.

काही रक्कम टब सुरळीत चालू होईपर्यंत हाती राखावी. भाव न पटल्यास निःसंकोच उठून यावे. गुडघ्यांना तोवर बादलीभर ऊन पाणी पुरते.