शुद्ध येण्याआधीचं पुनर्वसन

अपघातात डोक्याला जबर मार लागलेला रुग्ण अतिदक्षता विभागात निपचित पडलेला असतो. नातेवाइकांना वाटतं, आधी शुद्धीवर येऊ दे, मग व्यायामाचं बघू. तोवर थांबणं महागात पडतं.

शुद्धीची पातळी मोजणाऱ्या ग्लासगो कोमा स्केलवर 3 ते 15 गुण असतात. 8 किंवा कमी म्हणजे गंभीर इजा. 1974 मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी हे मापन मांडलं. अशी गंभीर इजा झालेल्या रुग्णाचे स्नायू काही दिवसांतच झिजू लागतात, सांधे आखडतात, माकडहाडापाशी शय्याव्रण होतात. म्हणून परिचारिका साधारण दर दोन तासांनी कूस बदलते, सांधे हळुवार हलवते, पाऊल काटकोनात राहील असा आधार देते. डोक्याकडची बाजू 30 अंश उचललेली आणि मान सरळ ठेवली, की मेंदूतलं रक्त नीट परत वाहतं आणि कवटीतला दाब आटोक्यात राहायला मदत होते. दाब वाढला, तर हालचाली थांबवायच्या. या कामाला आपल्याकडे नुसती शुश्रूषा समजतात. माझ्या मते तो उपचारच आहे.

मात्र लवकर म्हणजे घाईघाईने नव्हे. पक्षाघाताच्या रुग्णांवरील अ‍ॅव्हर्ट चाचणीत (2015) पहिल्या 24 तासांतच वारंवार उठवलेल्यांची सुधारणा तुलनेने कमी झाली.

घरच्यांनी रुग्णाशी नावाने बोलावं, हात लावण्याआधी सांगावं. आणि डोळे उघडले म्हणून आनंदाने पाणी पाजू नका. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका. ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.