नील देवमासा

नील देवमासा : आजवरच्या ज्ञात प्राण्यांत सर्वांत मोठा मानला जाणारा सागरी प्राणी. नावात ‘मासा’ असला, तरी तो सस्तन प्राणी आहे. तो फुप्फुसांनी श्वसन करतो आणि मादी पिलाला दूध पाजते. त्याचे शास्त्रीय नाव बॅलिनॉप्टेरा मस्क्युलस असे आहे. तो बहुतेक महासागरांत आढळतो. अरबी समुद्रातही त्याचा वावर आहे.

पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याची लांबी सामान्यतः २४–२७ मी. व वजन १०० टनांहून अधिक असते. मादी नरापेक्षा मोठी असते. रंग निळसर करडा असून अंगावर फिकट ठिपके असतात. नाकपुड्या डोक्याच्या माथ्यावर असतात. श्वास सोडताना उंच उडणारा फवारा हा मुख्यतः उच्छ्‌वासातील बाष्पाचा असतो.

याला दात नसतात. वरच्या जबड्यातून केराटिनाच्या (आपली नखे ज्या द्रव्याची बनलेली असतात त्याच्या) झालरयुक्त पट्ट्या लोंबत असतात. क्रिल या कोळंबीसारख्या लहान प्राण्यांचे थवे तो पाण्यासकट तोंडात घेतो. त्या वेळी गळ्याखालील वळ्या पसरून त्याची मोठी पिशवी बनते. नंतर पाणी पट्ट्यांतून बाहेर ढकलले जाते व भक्ष्य आत अडकून राहते.

गर्भावधी १०–१२ महिन्यांचा असून एका वेळी बहुधा एकच पिलू होते. जन्मतः ते सु. ७ मी. लांब असते व ६–८ महिने आईचे दूध पिते. दोन वितींत साधारणपणे २–३ वर्षांचे अंतर असते.

एवढ्या अवाढव्य देहाचा भार पाणीच पेलू शकते. जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातील रेवदंडा येथे सु. १३ मी. लांबीचा नील देवमासा जिवंत अवस्थेत किनाऱ्याला लागला. परंतु तो वाचू शकला नाही. किनाऱ्यावर अडकलेल्या देवमाशाची फुप्फुसे त्याच्या स्वतःच्याच वजनाखाली दबतात आणि चरबीच्या जाड थरामुळे शरीर अतिशय तापते.

विसाव्या शतकात तेलासाठी याची प्रचंड शिकार झाली. १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तिमी आयोगाने तिच्यावर बंदी घातली. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. तथापि पिले थोडी व दीर्घ अंतराने होत असल्याने घटलेली संख्या अतिशय मंदगतीने भरून येते. जहाजांची धडक व मासेमारीची जाळी हे आजचे प्रमुख धोके होत.