आठ हजार आठशे ऐंशी

२०२५च्या २२ सप्टेंबरपासून तेहेतीस औषधांवरचा जीएसटी शून्य झाला. त्यांत यकृताच्या कर्करोगावर वापरलं जाणारं अ‍ॅटेझोलिझुमॅबही आहे. ‘स्वस्त झालं’ असे निरोप फोनवर फिरले. बारा टक्के गेले, बरंच झालं. पण ज्याची मूळ किंमतच लाखांत, त्यावरचे बारा टक्के जाऊन मालेगावच्या यंत्रमाग कामगाराच्या पदरात काय पडलं?

या कर्करोगाच्या उपचारांत २००७ आधीचं फार सांगण्याजोगं नाही. डॉक्सोरुबिसिन द्यायचे, केस जायचे, गाठ राहायची. मालेगावला रेल्वे नाही. मनमाडहून गाडी धरून पेशंट परळला ‘टाटा’त न्यायचा आणि बहुतेकदा ‘आता घरीच सेवा करा’ ऐकून परतायचं.

मग सोराफेनिब आलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यक आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेलं. तीन महिनेही नाहीत, आणि वर हातापायांची सालं निघायची. मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्याच्या बोटांची सालं! तरी लोकांना ते हवं होतं. बायर कंपनीचा महिन्याचा भाव होता २,८०,४२८ रुपये. पात्र रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत ते पोचत होतं.

९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी नॅटको या भारतीय कंपनीला सक्तीचा परवाना, म्हणजे बायरच्या संमतीविना तेच औषध बनवायची मुभा, दिला. भाव ८,८८० रुपये, बायरला सहा टक्के स्वामित्वधन, शिवाय वर्षाला किमान ६०० गरजूंना औषध मोफत. दोन महिन्यांत सिप्ला कंपनीने आपल्या सोराफेनिबचे ६,८४० केले. हेही गरिबाला जडच. पण शुक्रवारी माग बंद असताना चार नातलगांची दारं फिरून जमवता येईल, असा तो आकडा होता. पावणेतीन लाखांसाठी माग विकावे लागतात, तेही एकाच महिन्यापुरते.

तेव्हा गुलाबी वर्तमानपत्रांतले विद्वान छाती बडवत होते : आता संशोधन थांबणार! मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४मध्ये परवाना उचलून धरला, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. आणि संशोधन? याच कर्करोगावर २०१८ला लेनव्हॅटिनिब आलं. २०२०ला अ‍ॅटेझोलिझुमॅब-बेव्हॅसिझुमॅबची जोडी, तिच्या चाचणीत सोराफेनिबच्या १३.४ महिन्यांसमोर तिचे १९.२. २०२२ला ड्युरव्हॅलुमॅब-ट्रेमेलिमुमॅब. त्या विद्वानांपैकी कुणी चूक कबूल केल्याचं माझ्या वाचनात नाही.

थांबले ते परवाने. २०१३मध्ये रक्ताच्या कर्करोगावरच्या डॅसॅटिनिबसाठीचा अर्ज फेटाळला गेला, पुढे मधुमेहाच्या सॅक्सॅग्लिप्टिनचाही. सक्तीच्या परवान्याचं कलम ८४ पेटंट कायद्यात शाबूत आहे. औषधासाठी ते वापरलं गेलं एकदाच. बेव्हॅसिझुमॅबचे भारतीय पर्याय मिळतात, घोडं अडतं ते अ‍ॅटेझोलिझुमॅबपाशी. मग डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन परिस्थिती विचारतात आणि चिठ्ठीवर अजूनही सोराफेनिबच लिहितात.