अमेरिकेंतील बास मासा, टणक आमिष व प्रतिध्वनीचें यंत्र

सन १९३२ च्या जून महिन्याच्या २ ऱ्या तारखेस अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत पावसामुळें जमिनीस वाफसा नव्हता. औत चालण्याजोगें नाहीं असें पाहून जॉर्ज पेरी नांवाचा एक विशींतला गरीब शेतकरी आपल्या मित्रास घेऊन मॉंटगोमेरी लेक नांवाच्या डोहावर मासे धरावयास गेला. क्रीक चब कंपनीचें एक लांकडी आमिष त्याच्या दोरीस बांधलेलें होतें. त्यास जो मासा लागला त्याचें वजन २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारें १० किलो भरलें. वजन झाल्यावर मासा घरीं गेला व मंडळींनीं तो रांधून खाल्ला. मोठ्या तोंडाच्या बास माशाचा तो जागतिक उच्चांक नव्वद वर्षांहून अधिक काळ कोणी मागें टाकलेला नाहीं. सन २००९ मध्यें जपानांतील बिवा सरोवरांत एका इसमानें त्याची बरोबरी मात्र केली.

आज त्याच देशांत त्याच माशाकरितां नावेवर दोन दोन पडदे लावून, पाण्याखालचा मासा प्रत्यक्ष हालतांना पाहत गळ टाकणारे लोक आहेत. ज्यांचीं मुलेंबाळें तिकडे आहेत अशा आपल्याकडील कुटुंबांत या खेळाचीं छायाचित्रें येत असतात, आणि यंत्र घेतलें म्हणजे मासा मिळालाच असा समज त्यांवरून होतो. तो समज खरा नाहीं. मासा पाण्याच्या ज्या थरांत उभा असेल त्या थरांत चालणारें आमिष निवडणें, हें या विद्येचें मर्म होय. यंत्राचा उपयोग तो थर कळण्यापुरता आहे.

प्रथम माशाविषयीं. बास हा दबा धरून बसणारा मासा आहे. आपल्याकडील मरळ ज्याप्रमाणें गवताच्या आडोशास राहून बेडूक अथवा लहान मासा टिपते, तसाच हा बुडालेलें झाड, पाणवनस्पतींची कड अथवा तळ जेथें एकाएकीं खोल होतो अशी जागा धरून असतो. वसंत ऋतूंत पाणी ऊबदार होऊं लागलें म्हणजे अंडीं घालण्यास तो उथळ पाण्यांत येतो. कडक उन्हाळ्यांत व थंडींत बहुधा खोलीकडे जातो. तिकडील शेतकऱ्यांच्या तळ्यांत बास व ब्लूगिल हे दोन मासे एकत्र सोडण्याची पद्धति आहे. अलाबामा राज्यांतील ऑबर्न येथें होमर स्विंगल या शास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या चौथ्या व पांचव्या दशकांत तळ्यांवर प्रयोग करून या दोहोंच्या प्रमाणाचें शास्त्र बसविलें. बास फार काढले तर ब्लूगिल बेसुमार वाढून खुरटतात. बास मुळींच काढले नाहींत तर तेच दाटी होऊन रोडावतात. म्हणून तेथील शेतकऱ्यास गळ टाकणें हें करमणुकीइतकेंच तळ्याच्या व्यवस्थेचें काम आहे.

येथें एक गोष्ट सांगून ठेवितों. हें वाचून कोणीं आपल्या शेततळ्यांत बास आणून सोडण्याचा विचार करूं नये. सन १९२५ मध्यें तो जपानांतील आशी सरोवरांत सोडला गेला. पुढें तो इतका पसरला व देशी माशांस इतका जाचक झाला कीं, सन २००५ पासून अमलांत आलेल्या कायद्यानें तेथें त्यास पाळणें, जिवंत नेणें अथवा पाण्यांत सोडणें बंद करावें लागलें. आपल्या तळ्यास कटला, रोहू व मृगळ पुरेसे आहेत.

आतां आमिष. लांकूड, धातु अथवा प्लॅस्टिक यांचा लहान माशासारखा आकार करून त्यास तिहेरी गळ टांगलेले असतात. यांस तिकडे हार्ड बेट, म्हणजे टणक आमिष म्हणतात. फिनलंडांतील लाउरी रापाला या मच्छीमारानें सन १९३६ मध्यें बुचाच्या सालीचें असें आमिष कोरून त्यावर चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. घायाळ मासा जसा लटपटत पोहतो तसें तें पोहे, आणि त्याच्या यशाचें कारण तेंच होतें. चकाकीपेक्षां चाल महत्त्वाची, हें घेणाऱ्यानें दुकानांत विसरूं नये. कारण दुकानांतले रंग पुष्कळदां माशापेक्षां गिऱ्हाइकास धरण्याकरितां असतात.

आमिषाची खोली ओळखण्याची खूण त्याच्या हनुवटीखालच्या पातळ पट्टींत आहे. तीस आपण जीभ म्हणूं. जीभ आंखूड व उभी असेल तर आमिष तीन ते पांच फुटांवर चालतें. लांब व पुढें आडवी आलेली असेल तर पंधरा-वीस फुटांपर्यंत बुडी घेतें. यांस क्रँकबेट म्हणतात. मुळींच जीभ नसलेलीं कांहीं आमिषें पृष्ठावर बुडबुड करीत चालतात. तीं पहांटे व सायंकाळीं उथळ जागीं चांगलीं. दुसरीं कांहीं बिनजिभेचीं, आंत छर्रे घातलेलीं, बुडणारीं असून गढूळ पाण्यांत आवाजानें मासा बोलावितात. जर्कबेट नांवाचें सडपातळ आमिष झटका देऊन थांबविलें असतां जागच्या जागीं तरंगत राहतें. थंड पाण्यांत मासा सुस्त असल्यामुळें याला झटक्यानंतर दहा दहा सेकंद, प्रसंगीं त्याहूनहि अधिक वेळ थांबवावें लागतें. हा धीर नवशिक्यास राहत नाहीं.

डबीवर लिहिलेली खोली प्रमाण मानूं नये. दोरी, म्हणजे तंगूस, जितका बारीक तितकें आमिष खोल जातें. जाड घेतला तर दोनतीन फुटांचा फरक सहज पडतो. शिवाय आमिष पडल्याबरोबर पूर्ण खोली गांठीत नाहीं. तें उतरत जातें, मधल्या टप्प्यांत तळाच्या जवळ चालतें व नावेजवळ पुन्हां वर येतें. म्हणून मासा जेथें आहे त्याच्या बऱ्याच पलीकडे फेंक टाकावी लागते. आमिष सरळ न येतां एका बाजूस पळूं लागलें तर नाकावरील कडी चिमट्यानें उलट बाजूस अगदीं किंचित् वांकवावी. बुडालेल्या खोडावर अथवा दगडावर तें आपटून बाजूस उसळतें त्याच क्षणीं पुष्कळदां मासा झडप घालतो. आमिष हरवेल या भीतीनें जो तें नुसत्या मोकळ्या पाण्यांतून ओढतो त्याच्या हातीं थोडेंच लागतें.

यंत्राची रीत साधी आहे. नावेच्या बुडाशीं बसविलेला ट्रान्सड्यूसर आपल्या कानांस ऐकूं न येणारा ध्वनि पाण्यांत सोडतो. गोड्या पाण्यांत ध्वनि सेकंदास सुमारें १,४८० मीटर जातो. प्रतिध्वनि परत येण्यास लागलेल्या वेळावरून खोली निघते. माशाच्या पोटांतील वाताशयांत हवा असल्यामुळें त्यावरून ध्वनि चांगला परततो. सन १९४८ मध्यें जपानांतील फुरुनो बंधूंनीं समुद्रावरील मच्छीमारांकरितां असें यंत्र बाजारांत आणलें, व पुढील दशकांत अमेरिकेंत लॉरन्स यांनीं लहान नावांकरितां तें काढलें.

पडदा वाचण्यांत दोन चुका वारंवार होतात. पहिली अशी कीं, साध्या यंत्राचा पडदा म्हणजे पाण्याचें चित्र नव्हे, ती रोजकीर्द आहे. उजव्या कडेस जें उमटतें तेवढेंच आतांचें. डावीकडे सरकलेलें सर्व मागें पडलेलें. पडद्याच्या मध्यावर मासा पाहून नावेखालीं गळ सोडणारा मनुष्य तेथून निघून गेलेल्या माशाकरितां बसतो. दुसरी चूक क्षेत्राची. वीस अंशांचा ध्वनीचा शंकु वीस फूट खोलीवर जेमतेम सात फूट रुंदीचा तळ पाहतो. तेवढ्यांत मासा दिसला नाहीं म्हणून तळ्यांत मासा नाहीं असें होत नाहीं. मोजणीच्या नकाशावर बांध दिसतो पण बांधावरचा तंटा दिसत नाहीं, हें महसूल खात्यांत जन्म काढलेल्या माझ्यासारख्यास सांगावयास नको. तसें पडद्यावर मासा दिसतो, त्याची भूक दिसत नाहीं.

खडकाळ अथवा टणक तळाची रेघ ठळक उमटते व बहुधा दुप्पट खोलीवर तिची पुसट जोडरेघ येते. चिखलाची रेघ मऊ असते. उन्हाळ्यांत खोल तळ्याचें वरचें ऊन पाणी व खालचें थंड पाणी यांच्या सीमेवर कित्येकदां एक धूसर पट्टा दिसतो. त्याखालीं प्राणवायु कमी असल्यामुळें बास सहसा राहत नाहीं. समजा, तळ तीस फुटांवर, पट्टा अठरावर, व माशाची कमान बारावर आहे. तर वीस फुटांचें आमिष टाकणें व्यर्थ होय. बास वरच्या बाजूची शिकार चांगली पाहतो व वर उसळून घेतो. सबब नऊ-दहा फुटांवर चालणारें आमिष त्याच्या डोक्यावरून न्यावें. पाणी निवळ असल्यास रंग चंदेरी घ्यावा, गढूळ असल्यास भडक किंवा अगदीं काळपट. मासा मागें येऊन परतत असेल तर प्रथम ओढण्याची गति बदलावी. आमिष बदलणें त्यानंतर.

सन २०१८ पासून समोरचें पाणी जिवंत दाखविणारीं यंत्रें प्रचारांत आलीं. त्यांत मासा व आपलें आमिष दोन्ही एकाच वेळीं हालतांना दिसतात. यावरून तिकडे मोठा वाद माजला, व मोठ्या स्पर्धा भरविणाऱ्या संस्थांनीं सन २०२५ च्या हंगामापासून त्यांच्या वापरावर मर्यादा घातल्या. माझ्या मतें शिकण्यास हें यंत्र उत्तम आहे, कारण आपली चूक डोळ्यांस दिसते; परंतु एक-दोन एकरांच्या तळ्यास त्याची गरज नाहीं. तेवढ्या तळ्याची खोली फुटाफुटावर गांठ मारलेल्या दोरीस दगड बांधून एका दिवसांत मोजतां येते, व तिचा कच्चा नकाशा वहींत काढतां येतो.

सोडून द्यावयाचा मासा ओल्या हातानें धरावा व तिहेरी गळ लांब चिमट्यानें काढावा. फडफडणाऱ्या माशाचा दुसरा गळ स्वतःच्या बोटांत रुतल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. तीस फुटांहून खोल असलेला बास भराभर वर ओढल्यास वाताशय फुगून तो उताणा तरंगूं लागतो. सुईनें हवा काढण्याची युक्ति कांहीं लोक करितात, पण अजाण हातून आंतील इंद्रियांस इजा होते. यंत्रावर मासे इतक्या खोल दिसले व ते सोडावयाचे असले, तर तेथें आमिष टाकूंच नये. नाव उथळाकडे न्यावी.