किल्ली काढली तरी इंजिन थांबत नाहीं

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलजोडी असे; आतां मोटार, ट्रॅक्टर किंवा विहिरीवरील ऑइल इंजिन यांपैकीं कांहींतरी असतेंच. बैलाचें दुखणें ओळखणारे जाणते गांवोगांवीं आढळत. यंत्राचें दुखणें मात्र आपण सर्वस्वीं मेस्त्रीच्या हवालीं करतों व त्यानें सांगितलेला खर्च निमूटपणें सोसतों. आम्हीं महसूल खात्यांत बरींच वर्षें कारकुनी केली. जागेवर जाऊन पाहिल्यावांचून व सर्वांचे जबाब घेतल्यावांचून प्रकरण निकालांत काढूं नये, हा धडा त्या नोकरीनें दिला. तो इंजिनासहि लागू पडतो, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

गेल्या वैशाखांत आमचा पुतण्या अंबड तालुक्यांतील मळ्यांतून मोसंबीच्या सौद्याकरितां जालन्यास गेला होता. भर दुपारीं परत येऊन त्यानें आपली जुनी पेट्रोलची मोटार दारासमोर उभी केली व किल्ली काढून हातांत घेतली. तरी इंजिन आचके देत, धडधड करीत, दहा-बारा सेकंद चालूच राहिलें. "काका, दोन वेळां स्विच बदलला, तरी हीच तऱ्हा. आतां मोटार मोडींत घालावी म्हणतों," असें तो म्हणाला. त्याच मोटारींतून त्याचा माल बाजारास जाई व आजारी माणूस दवाखान्यांत पोंचे. तेव्हां गोष्ट क्षुल्लक नव्हती.

प्रथम मूळ तत्त्व ध्यानांत घ्यावें. १८७६ सालीं जर्मनींत निकोलाउस ऑटो यानें जें चार टप्प्यांचें इंजिन सिद्ध केलें, त्याच तत्त्वावर पेट्रोलच्या मोटारी चालतात. हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबलें जातें व प्लगच्या ठिणगीनें पेटतें. किल्ली फिरविली म्हणजे ठिणगी बंद होते. परंतु जुन्या कार्ब्युरेटरच्या पुष्कळ मोटारींत पेट्रोलची वाट उघडीच राहते. सिलिंडरांत एखादी जागा निखाऱ्यासारखी तापलेली असली, कीं ठिणगीवांचूनहि मिश्रण पेट घेतें. नव्या मोटारींत पेट्रोल पिचकारीनें सोडलें जातें व किल्लीबरोबर तेंहि तुटतें. म्हणून तेथें हा दोष क्वचितच आढळतो.

यास्तव पहिला जबाब खुद्द इंजिनाचा घ्यावा. किल्ली काढल्यावरहि तें पूर्वीसारखेंच सुरळीत चालत असेल, तर ठिणगी तुटलेलीच नाहीं; दोष स्विचमध्यें किंवा तारांत शोधावा. किल्ली बंद असतां कॉइलच्या तारेस तपासणीचा दिवा लावून पाहिल्यास खात्री होते. उलट इंजिन आचके देत, ठोके मारीत चालत असेल, तर दोष उष्णतेचा समजावा. पुतण्याचें इंजिन दुसऱ्या प्रकारचें होतें. अर्थात् स्विच निर्दोष होता, व दोन्ही वेळचे पैसे व्यर्थ गेले होते.

उष्णतेचीं कारणें अनेक आहेत. तीं स्वस्तापासून महागाकडे या क्रमानें तपासावीं. रेडिएटरमध्यें पाणी पुरेसें आहे काय? उभ्या गाडीचें इंजिन फाजील वेगानें तर फिरत नाहीं ना? पेट्रोलांत रॉकेलची भेसळ तर नाहीं ना? रॉकेल दाबाखालीं लवकर पेटतें, म्हणून भेसळीचें तेल या दोषास हमखास निमंत्रण देतें. पुढें ठिणगीची वेळ मागें पडली आहे काय, मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें काय व प्लग त्या इंजिनाच्या जातीचा आहे काय, हें मेस्त्रीकडून पाहून घ्यावें. सर्वांत शेवटीं सिलिंडरांत सांचलेली काजळी; कारण ती खरवडण्यास इंजिनाचें डोकें उतरावें लागतें.

आमच्या तपासणींत रेडिएटर अर्धा रिकामा निघाला. इंजिन मध्येंच बंद पडूं नये म्हणून पुतण्यानें स्क्रू पिळून वेग वाढविला होता, आणि पेट्रोल रस्त्याकडेच्या बाटलींतलें होतें; त्यास रॉकेलचा वास येत होता. पाणी भरलें, वेग उतरविला, पंपावरचें पेट्रोल घातलें. आचके पुष्कळ कमी झाले. राहिलेले काजळी काढल्यावर गेले. मोटार मोडींत गेली नाहीं.

डिझेलचें प्रकरण मात्र निराळें व अधिक धोक्याचें आहे. तेथें ठिणगी मुळींच नसते; हवा सुमारें १६ ते २२ पट दाबल्यानें इतकी तापते, कीं फवारलेलें तेल आपोआप पेटतें. म्हणून इंजिन थांबविण्यास तेलच तोडावें लागतें. वेग न वाढतां इंजिन चालू राहिलें, तर तेल तोडणारी तार सैल पडली किंवा तेथील खटका अडकला, असें समजावें. परंतु वेग आपोआप वाढूं लागला व धुराचे लोट निघूं लागले, तर इंजिन स्वतःचेंच वंगण जाळीत आहे. वंगण खुणेच्या वर भरणें, रिंगा झिजणें किंवा हवेच्या गाळणींत तेल फाजील होणें, यांपैकीं एखादें त्याचें कारण असतें.

शेजारच्या मळ्यांत असेंच एकदां घडलें. मालकानें डिझेलची तोटी बंद केली, तरी इंजिन अधिकच गरजूं लागलें. त्याचा मुलगा हवेच्या तोंडावर हाताचा पंजा ठेवण्यास धांवला. तेथील एका वृद्ध गड्यानें त्यास मागें ओढलें व एक सपाट फळी तोंडावर दाबून धरली. हवा तुटतांच इंजिन निमालें. हात किंवा फडकें तेथें कदापि लावूं नये. ओढ एवढी असते, कीं फडकें आंत जातें व हातास इजा होते. फळी लावणें साधत नसेल, तर सर्वांनीं दूर व्हावें. यंत्र गेलें तर पुन्हां घेतां येतें. मोटार असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून थांबतें.

आमची वाचकबंधूंस एवढीच विनंती, कीं वंगणाची पट्टी दर आठवड्यास पुसून पाहावी, इंजिनाजवळ एक सपाट फळी ठेवावी व तिचा उपयोग घरांतील मुलांस व गड्यांस आजच समजावून द्यावा. प्रसंग आल्यावर सांगण्यास वेळ उरत नाहीं.