मोटारीच्या मागील चाकांना डिस्क ब्रेक : बदल करण्यापूर्वी

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. नागपूरजवळील शिवमडका येथून सुरू होणाऱ्या या मार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा आहे. वेग वाढला म्हणजे तो आवरण्याची शक्तीही वाढली पाहिजे, या विचाराने मागील चाकांचे ड्रम ब्रेक काढून त्या जागी डिस्क ब्रेक बसवावेत, असे काही मोटारमालकांना वाटते. ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि त्यात लाभ किती व धोका किती, याचा विचार आधी होणे अगत्याचे आहे.

वेग आणि उष्णता

मोटारीच्या गतीतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे, हे ब्रेकचे कार्य होय. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा चौपट होते. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल ऊर्जा असते. वेग १२० झाला की ती सुमारे ५५६ किलोज्यूल होते. ही सारी उष्णता मुख्यतः ब्रेकनाच सोसावी लागते.

ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले दोन शू फिरत्या ड्रमच्या आतील बाजूस दाबले जातात. उष्णता आत कोंडते, ड्रम प्रसरण पावतो आणि वारंवार ब्रेक लावल्यास पकड कमी होते. डिस्क ब्रेकमध्ये उघडी तबकडी दोन पॅडच्या चिमट्यात धरली जाते. ती वाऱ्याने लवकर थंड होते व पावसाचे पाणीही लगेच फेकले जाते. चिखलदऱ्यासारख्या ठिकाणाहून घाट उतरताना हा गुण विशेष उपयोगी पडतो.

विदर्भातील कडक उन्हाळा हे मात्र या बदलाचे सबळ कारण ठरत नाही. सतत वापरातील ब्रेकचे तापमान काही शे अंशांपर्यंत चढते. त्यापुढे हवेतील आठ-दहा अंशांच्या फरकाला फारसे महत्त्व राहत नाही.

मागे ड्रम का ठेवतात?

ब्रेक लावताच मोटारीचा भार पुढील चाकांवर झुकतो, त्यामुळे थांबविण्याचे बहुतांश काम पुढील ब्रेक करतात. म्हणूनच अनेक मोटारींमध्ये पुढे डिस्क व मागे ड्रम अशी रचना असते. ड्रममध्ये शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन आपोआप अधिक घट्ट बसतो व हातब्रेकची तार जोडणेही सोपे जाते. मागील ड्रम हा मोटारीतील दोष नव्हे.

एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात घेतली पाहिजे. एकदाच जोराने ब्रेक लावला असता मोटार किती अंतरात थांबेल, हे अखेरीस टायर व रस्ता यांच्या पकडीवर ठरते. मूळ ब्रेक चाके जाम करण्याइतके समर्थ असतील, तर डिस्क बसवून ते अंतर फारसे घटत नाही.

संतुलन बिघडण्याचा धोका

मागील ब्रेक गरजेपेक्षा प्रबळ झाले, तर मागील चाके आधी जाम होतात व मोटार गर्रकन फिरते. हे टाळण्यासाठी कारखान्यातच मागील ब्रेककडे जाणारा दाब मर्यादित केलेला असतो. डिस्कच्या कॅलिपरला ड्रमच्या व्हील सिलिंडरपेक्षा सामान्यतः अधिक ब्रेक ऑइल लागते. त्यामुळे जुना मास्टर सिलिंडर अपुरा पडून पेडल खोल जाऊ शकते. काही मोटारींत ड्रमसाठी नळीत थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर पॅड तबकडीला घासत राहतात. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना अनिवार्य झालेली एबीएस यंत्रणा मूळ ब्रेकचे गणित धरूनच जुळविलेली असते. शिवाय हातब्रेकची स्वतंत्र सोय करावी लागते, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ अन्वये पायाच्या ब्रेकबरोबरच उभ्या वाहनाचा ब्रेकही आवश्यक आहे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर निर्बंध घालते. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे कामास हात घालण्यापूर्वी वाहन उत्पादक, विमा कंपनी आणि नागपूर शहर, नागपूर ग्रामीण किंवा पूर्व नागपूर यांपैकी संबंधित परिवहन कार्यालय यांच्याकडून लेखी खुलासा घेणे हिताचे ठरते.

सुलभ आणि सुरक्षित उपाय

बहुतेक मोटारमालकांसाठी आहे त्या ब्रेकची निगा हाच उत्तम मार्ग होय. लायनर व पॅडची जाडी वेळोवेळी तपासावी. ड्रमवर चरे पडले असल्यास ते मर्यादेतच घासून घ्यावेत, अन्यथा ड्रम बदलावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, परंतु ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. तेल उकळले की नळीत वाफ होते व पेडल पोकळ लागते. म्हणून उत्पादकाच्या सूचनेनुसार, साधारणपणे दर दोन वर्षांनी, तेल बदलून नळीतील हवा काढून घ्यावी. घाट उतरताना खालचा गियर वापरावा. टायर झिजलेले नसावेत.

मागेही डिस्क असावी अशी आवश्यकता खरोखरच असेल, तर कारखान्यातूनच तशी रचना असलेली मोटार निवडणे श्रेयस्कर. तेथे चारही चाकांचे ब्रेक एकमेकांशी जुळवून तपासलेले असतात. आणि प्रवाशांचे प्राण एखाद्या सुट्या भागावर नव्हे, तर या मेळावरच अवलंबून असतात.