पाट्यांच्या मदतीला हवा

कापसाच्या हंगामात बेल्याहून आदिलाबादच्या बाजाराकडे निघालेला पिकअप पाहा. मागून बसलेला, नाक वर. रात्री त्याचे दिवे रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत घुसतात. पुढच्या चाकांवरचा भार हलका झाल्याने स्टिअरिंगही सैल लागते.

दोष मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) नाही. पोलादी पाट्याचा ताठपणा ठरलेला असतो. जास्तीचा पाटा घातला, की भरली गाडी सरळ राहते, पण रिकामी परतताना चालकाची हाडे खिळखिळी होतात.

इथे रबरी हवापिशवी कामाची. १५ सेंटिमीटर व्यासाच्या पिशवीचे क्षेत्रफळ साधारण १७७ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो दाब दिला, की ती एकटी ५३० किलो पेलते. दोन्ही बाजूंच्या मिळून टनभर! माल उतरला, की हवा कमी करायची. दाबत जाईल तसतशी पिशवी आणखी ताठ होते, हे बॉइलच्या नियमाचे देणे. व्होल्व्हो बस आणि मुंबईच्या नव्या लोकल याच हवेवर तरंगतात. परदेशात पिकअपवर अख्खे फिरते घर लादणारेही हीच युक्ती करतात.

मात्र पिशवी गाडी उचलते, क्षमता वाढवत नाही. आस, टायर, ब्रेक जुनेच, आणि आरसी बुकातला आकडाही तोच.